साहेबासमोरचं रुळाचं गाणं

"कवडूभाऊनं भर कार्यक्रमात साहेबाले शिव्या देल्या, अन् मंग साहेबानं..." एवढंच कानावर आलं आणि मेली पिठाची चक्की सुरू झाली! आता अर्ध्या बातमीवर घरी पोळ्या लाटवतात का? मी डब्यासकट त्यांच्याच घरी गेले.

कवडूभाऊ आमचे शेजारी. उमरेडकडच्या नॅरोगेज रेल्वेच्या छोट्या लाईनवर लोखंडी सब्बलीनं रूळ सरकवणारे गँगमन होते, आता पेन्शनीत. दारातच वहिनी रडकुंडीला आलेल्या. "पेन्शन बंद करतीन वं आता! कोणं सांगतलं होतं याईले गायाले?"

"साहेबानंच सांगतलं," रेल्वेनं केलेल्या सत्काराच्या शालीतच चहा पीत कवडूभाऊ म्हणाले. "म्हणे, छोटी लाईन गेली, रूळ सरकवतानाचं गाणं तरी ऐकवा. म्या म्हटलं, साहेब, ते चारचौघात म्हणाचं नाई. शिवीशिवाय आमचा रूळच हालत नव्हता. तर म्हणे, लाजू नका, हे आपलं वैभव हाये."

"मग?"

"मंग म्हटलं. 'साहेब बसला सावलीत, हैशा! पोट त्याचं पिपावानी, हैशा! घाला सब्बल बुडाखाली, हैशा!'"

"अगं बाई! अन् साहेब?"

"मांडवात पंख्याखाली बसून तोच सगळ्यात जोरात हैशा म्हणून राहिला होता."

"त्याला समजलं नाही का?" मी विचारलं.

"सावलीत बसणाऱ्याले सावली कुठं दिसते वं बाई!"

म्हणजे शिव्या दिल्या हे खरं, साहेब रागावला हे खोटं. उलट तो इतका खूश झाला, की पुढच्या महिन्यात हेच गाणं त्याच्या मोठ्या साहेबासमोर म्हणायला बोलावलंय. म्हणून तर वहिनींचं रडणं थांबेना.