प्रकाश पेपर आणि प्रकाश टिपर

माझ्या बातम्या पक्क्या असतात म्हणता ना? ऐका मग. डिचोलीत मी बातमीदार, म्हणून लोकांच्या फोनात मी 'प्रकाश पेपर'. सुर्ल्याचा ट्रकमालक तो 'प्रकाश टिपर'. टिपरवाल्यांच्या बंद ग्रुपात त्याला घ्यायचं, तर अ‍ॅडमिन सुभाषने चुकून मलाच घेतलं!

तासाभराने उघडतो तर नवं मतदान चाललेलं: 'प्रकाश पेपरला काय सांगायचं?' सगळी मतं 'संप अटळ'ला. खाली एकाने विचारलेलं, 'संप खराच करूचो?' त्यावर सुभाष: 'खुळो काय तू? फकत छापून येऊ दे.'

बारा वर्षं ह्याच सुभाषच्या जिवावर 'खात्रीलायक सूत्रांकडून' लिहितोय मी!

तेवढ्यात त्याचाच फोन. "प्रकाश, संप अटळ हां! कोणाक बोलू नको, फकत तुकाच सांगतंय."