घाटावरच्या चपला

आमच्या बाबाले तुम्ही बडबड्या म्हनता ना, मंग हे आयका. कापसाचे लय वाईट दिवस होते. राळेगावची जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायची गिरणी, बंद पडली अन् तिथले फिटर म्हणजे आमचे बाबा. तीन महिने घरात कोणाशी एक शब्द बोलले नाही. मन रमंल म्हणून मी अन् मायनं त्याइले नदीकाठच्या निसर्ग केंद्रात नेलं. आम्ही पाखरायचे फोटो पाहून राह्यलो, तं मागं बाबाच नाही! घाटाच्या शेवटच्या पायरीवर त्याइच्या चपला तेवढ्या होत्या.

माय पायरीवरूनच बाबाले हाका मारू लागली. मी कपड्यानिशी कमरेइतक्या पाण्यात शिरलो. तेवढ्यात केंद्राच्या वरच्या अंगाले असलेल्या इतिहासाच्या दालनातून चौकीदार ओरडला, "ओ काका, हात लावू नका म्हणून लिहून हाये ना!"

पळत गेलो. बाबा पाय धुऊन मागच्या दारानं आत शिरले होते, अन् तिथं मांडलेल्या सरकी काढायच्या जुन्या यंत्राखाली, रेच्याखाली उताणे पडले होते. हात वंगणानं काळेभोर.

माय रडतच म्हणे, "आमचा जीव घेता का?"

तवा बाबानं तोंड उघडलं. खालूनच हात पुढं केला अन् चौकीदारालेच म्हणे, "दहा-अकराचा पाना आन."