पंप हा माझा विषय

...आणि वर मलाच विचारतो, "काका, पुढचा विचार काय?"

आता तुम्हीच सांगा, पंप घ्यायला आलेल्या माणसाला हा काय प्रश्न झाला? पंप दाखवावा, पिशवीत घालून द्यावा, माणूस आपला घरी जाईल. तर नाही! हा काउंटरवरचा, कपाळावर गॉगल चढवलेला, तुम्हाला सांगतो, दुकानाच्या आत गॉगल, उन्हाचा पत्ता नाही, ट्यूबलाइटखाली गॉगल, तो मला म्हणतो, "नुसता पंप मागून कसं चालेल काका? टर्बो कुठला बसवलाय, इंजेक्टर कुठले, आज किती पॉवर निघते, उद्या किती काढायचीये..." मी म्हटलं, बाबा रे, जरा दमानं. उभी नोकरी मी पाणीपुरवठ्यात काढली. हे अख्खं शहर सकाळी उठून चूळ भरतं ती मी बसवलेल्या पंपांवर. पंप हा माझा विषय आहे. तर त्यानं गॉगल डोळ्यांवर ओढला, माझ्याकडे नीट बघितलं, आणि आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणाला, "काका, हा पाण्याचा नाही. पेट्रोलचा." अरे, माहितीये मला पेट्रोलचा आहे ते!

बरं, गाडी माझी नाही. माझ्याकडे बघून तुम्हाला वाटेल का हो, की ह्या माणसाची शर्यतीची गाडी असेल? मला जिन्यावरून उतरताना कठडा लागतो. गाडी आमच्या पोरीची. आठवडाभर प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून नोकरी, आणि सुट्टी आली की ही गाडी घेऊन डोंगराच्या रस्त्यावर शर्यती. दिसायला कशी? अहो, मागची सीटच नाही. काढून टाकली, वजन होतं म्हणे. आत सगळे लोखंडी पाइप, म्हणजे गाडीत बसलोय की पिंजऱ्यात, कळू नये. आणि पट्टे! खांद्यावरून दोन, कमरेवरून दोन. आमच्या हिला एकदा दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, रिक्षा मिळेना, तर पोरगी म्हणाली, आई, चल मी सोडते. ही आपली मांडीवर पर्स घेऊन त्या चार पट्ट्यांत आवळून बसलेली, आणि परत आल्यावर मला म्हणाली, "दात दुखायचा थांबला. डॉक्टरकडे पोचायच्या आधीच थांबला."

हसा, हसा. आम्हीही खूप हसलो तेव्हा.

तर गोष्ट अशी झाली की पोरीनं गाडीला मोठा टर्बो बसवला. टर्बो म्हणजे काय, तर इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, एवढं मला कळलं. तो जुना काढलेला टर्बो तिनं आणून ठेवला कुठे? जेवणाच्या टेबलावर. काळा, तेलकट, शिंपल्यासारखा वळलेला. ही म्हणाली, आधी ते उचल, मग ताट मिळेल. पोरगी उचलत नाही, ही वाढत नाही, मी मध्ये उपाशी. आणि त्या गोंधळात पोरगी माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, आता फक्त पंप राहिलाय. टाकीतला पेट्रोलचा पंप. जुना पुरणार नाही. आणि पंप हा तुमचा विषय, तेव्हा तो तुम्ही निवडायचा. मी हात लावणार नाही."

आता तुम्हाला सांगतो, ह्याचं मोल तुम्हाला कळायचं नाही. तिच्या त्या गॅरेजमध्ये मला आजवर काय काम होतं? बॅटरी धरायचं. "बाबा, उजेड इकडे. इकडे नाही हो, तिकडे. बाबा, तुम्ही माझ्या डोळ्यांत पाडताय उजेड." एवढीच माझी पायरी. आणि आज एकदम पंप! मी ताठ बसलो. मी म्हटलं, बघतो. म्हणजे साहेबलोक फाइलीवर म्हणतात ना, बघतो, तसं. आणि ती ताट ओढता ओढता म्हणाली, "पण पुढचा विचार करून घ्या हं. मी अजून वाढवणार आहे."

मग तिला ताप आला.

लोक विचारतात, गाडीनं का? प्रत्येकजण तेच. दारात चपला काढायच्या आधी, "गाडीनं का हो?" मी म्हणतो, नाही, ताप. तर तुम्हाला सांगतो, लोकांचा चेहरा पडतो. त्यांनी वाटेत सगळं जुळवून आणलेलं असतं, "तरी मी म्हणत होतो, मुलीच्या जातीला एवढा वेग..." आणि मी म्हणतो ताप. साधा ताप. आला, चढला, उतरलाच नाही. डॉक्टरांनी त्याला मोठं नाव दिलं, ते मला अजून नीट म्हणता येत नाही. डोंगरावरच्या त्या वळणांनी तिला काही केलं नाही हो. घरातल्या पलंगावर, रग पांघरून, आई उशाशी बसलेली असताना गेली ती.

तर गाडी उभी राहिली. आमचे मेहुणे म्हणाले, विकून टाका, डोळ्यांसमोर नको. बरोबर आहे त्यांचं. पण विकणार काय? पंप नाही! टर्बो मोठा, पंप लहान, अर्धवट काम. आणि ते अर्धवट राहिलंय कोणाकडे, माझ्याकडे. तिनं तिच्या वाटचं सगळं केलं होतं. तिचा मेकॅनिक आहे, ती त्याला मास्तर म्हणायची म्हणून आता आम्हीही म्हणतो, तो एकदा मला शेजारी बसवून, त्या पट्ट्यांत बांधून, गावाबाहेरच्या चढावर घेऊन गेला. अर्ध्या चढापर्यंत छान. मग त्यानं पाय दाबला तर गाडी खोकली. खरंच खोकली, माणसासारखी. मास्तरनं लगेच पाय काढला. "बघितलंत काका? हवा भरपूर येतेय, पेट्रोल पुरत नाहीये. इंजिन उपाशी राहतंय. असंच दाबत राहिलो तर आतून जळेल." मी म्हटलं, नको, चल घरी. उपाशी, ताप, आतून जळणं... मला ते ऐकवेना. म्हटलं, पंप आणतो मी. पंप हा माझा विषय.

म्हणून त्या गॉगलच्या दुकानात मी उभा. त्यानं काउंटरवर पंप मांडले. एवढेएवढेसे हो! मुठीत मावतील असे. मी ज्या पंपांबरोबर जन्म काढला ते बघायला शिडी लावावी लागते. आणि हे दिसायला सगळे सारखे. एक पंप तासाला इतकं पेट्रोल देतो, दुसरा त्याच्याहून जास्त, तिसरा त्याच्या दुप्पट. मी विचारलं, दाब किती, त्या दाबाला प्रवाह किती? तेव्हा कुठे गॉगल परत कपाळावर गेला. म्हणाला, "काका, तुम्हाला कळतंय की." मी आपला पुढचा पंप उचलून बघितला. पण आतून जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि मग त्यानं तेच विचारलं. "आत्ताच्या गाडीला हा मधला पुरे. पण पुढचा विचार काय?"

आता आमच्या खात्याची रीत ऐका. पाणीपुरवठ्यात पंप कधी आजच्या गावासाठी घेत नाहीत. आजची माणसं मोजून पंप घेतला की तो बसवेपर्यंत गाव वाढलेलं असतं. तिकडे नवी वस्ती, इकडे नव्या इमारती, प्रत्येक घरात पाळणा. म्हणून आम्ही वीस-तीस वर्षांपुढचं गाव डोळ्यांपुढे आणायचो आणि त्या गावाचा पंप घ्यायचो. कमिटीवाले बोंब मारायचे, "एवढा मोठा कशाला?" आणि मी उभा राहून म्हणायचो, साहेब, गाव वाढणार आहे. माझं आयुष्य गेलं हे एक वाक्य म्हणण्यात. आणि दरवेळी गाव वाढलं! एकदा चुकलो नाही मी.

मग मी काय म्हणणार होतो? ती म्हणाली होती, मी अजून वाढवणार आहे. मी म्हटलं, सगळ्यांत मोठा द्या. गॉगल म्हणाला, "काका, हा फार होईल." मी म्हटलं, पुढचा विचार केलाय. द्या.

घरी आणला. मास्तरनं खोका उघडला, पंप हातात घेऊन उलटसुलट बघितला. मग मानेमागे हात चोळत म्हणाला, "काका... ठीक आहे. लावून बघू." लावला. किल्ली फिरवली, तर मागून टाकीतून असा आवाज, घूंऽऽ, गॅरेजचा पत्रा दणाणेल असा. गाडी सुरू झाली, पण धुरकट वासाची, अडखळत, जागच्या जागी थरथरत. मास्तर वाकून दाबाचा काटा बघतोय, काटा खाली यायला तयार नाही. मी म्हटलं, काय होतंय? तर त्यानं मला समजावलं. मला! पंपाबद्दल!

म्हणाला, "काका, तुमच्या पाण्याचं कसं, वर टाकीत भरून ठेवता, लागेल तसं लोक घेतात. इथे साठवायला जागा नाही. पंप पाठवतो तेवढं सगळं इंजिनपाशी जातं. इंजिन आपल्या भुकेपुरतं घेतं, उरलेलं दुसऱ्या नळीनं परत टाकीत. हा पंप इतकं पाठवतोय की घ्यायलाच कोणी नाही. आणि परत यायची नळी बारीक. मग तेच पेट्रोल फिरतंय, जातंय, कोणी घेत नाही, परत येतंय, आणि दर फेरीला आणखी गरम होऊन येतंय."

मी तिथे उलट्या बादलीवर बसलो. म्हटलं, बंद कर रे जरा.

तो म्हणाला, "दोन रस्ते आहेत. एक तर गाडी आणखी वाढवू, टर्बो, इंजेक्टर, नळ्या, सगळं, मग हा पंप कामाचा. नाहीतर हा काढून लहान लावू. सांगा, पुढचा विचार काय?" तोही तेच! सगळ्या गावाला एकच प्रश्न पडलाय आणि उत्तर मी द्यायचं.

मी म्हणणार होतो, वाढवू. तोंडावर आलं होतं माझ्या. तेवढ्यात दारात ही उभी. पोरगी गेल्यापासून ही गॅरेजच्या दारात आली नव्हती. हात पदराला पुसत म्हणाली, "हा आवाज कसला येत होता?" मी म्हटलं, नवा पंप आहे. जरा जास्त पाठवतोय. ही म्हणाली, "कोणासाठी?"

आता ह्याला काय सांगणार? मी म्हटलं, अगं, पुढचा विचार करून घेतलाय. गाडी वाढवली की बरोबर होईल. ही आत आली. त्या पाइपांवर हात ठेवून उभी राहिली, ज्यांना धरून ही दाताच्या दिवशी बसली होती. आणि मला म्हणाली, "तिनं केली एवढीच गाडी तिची आहे. ह्याच्यापुढे वाढवाल ती तुमची होईल. मला तुमची नकोय."

आणि गेली आत, गॅसवर काहीतरी होतं म्हणून. मास्तर पान्हा पुसत बसला, पुसलेलाच पान्हा. मी म्हटलं, काढ रे तो.

तर दुसऱ्या दिवशी परत त्या दुकानात. खोका काउंटरवर ठेवला. गॉगलला वाटलं, भांडायला आलो. मी म्हटलं, बदलून दे, मधला दे, आज जेवढी गाडी आहे तेवढीला पुरेल असा. तो शोधून आणतो, पुसतो, पिशवीत घालतो, भला माणूस आहे हो तसा, आणि घालता घालता सवयीनं म्हणतो, "काका, एक बघा, थोडा तरी वरचा घ्या. नंतर गाडी वाढवली तर परत यावं लागेल तुम्हाला."

माझंच वाक्य! उभ्या जन्मात कमिटीपुढे म्हटलेलं माझंच वाक्य तो मला ऐकवतोय! आणि मला एकदम सगळे ते कमिटीवाले आठवले, बिचारे, एवढा मोठा कशाला म्हणणारे.

मी म्हटलं, नको. गाव वाढणार नाही आता.

त्याला काही कळलं नाही. पिशवी दिली त्यानं. मास्तरनं लावला, चढावर नेली, पूर्ण दाबली, खोकली नाही. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. मास्तर म्हणाला, काका, अगदी मापात निवडलात. निवडणारच. पंप हा माझा विषय. फक्त अख्ख्या नोकरीत मापाचा पंप घ्यायची ही पहिलीच वेळ.