ढोबळे अप्पांच्या गिरणीतला छत्रीचा डबा

तर मंडळी, जरा सरसावून बसा. मागं खांबाला टेकलेले पाहुणे, तुम्हीसुद्धा! आज प्रश्न एकच घेतलाय. ज्याला साऱ्या जगाचं कळतं, त्याला समोरच्या माणसाच्या मनातलं का कळू नये? बोला की! ... कोणीच नाही? बरं. गप्प राहण्यातसुद्धा पुण्य असतं, त्याचंच आज आख्यान आहे.

ऐका. कासारखेड नावाचं गाव. गावात एकच पिठाची गिरणी आणि तिचे मालक विश्राम अप्पा ढोबळे. माणूस सरळ, देवभोळा, मापात कधी खोट नाही. पण एक खोड! निवडणूक! देशाची निवडणूक लागली, की अप्पांच्या अंगात यायचं. बिहारात कोण पडणार, केरळात कोण चढणार, तमिळनाडूत कोणाची कोणाशी सोयरीक होणार — अप्पांना सगळं पाठ. दळण पडायचं पायलीभर, अप्पांचं बोलणं पडायचं पोतंभर!

आणि एवढ्यावर भागतंय का? छे! अमेरिकेतलीसुद्धा निवडणूक. ते सांगायचे, "तिकडं आधी पक्षातल्या पक्षातच निवडणूक असते. एकेक राज्य करत महिनोन् महिने चालते. त्यातून जो उरतो, तो खऱ्या निवडणुकीला उभा राहतो." दळणाला आलेल्या हौसाकाकू म्हणायच्या, "म्हणजे साखरपुड्याच्या आधी आणखी एक साखरपुडा. अप्पा, माझी बाजरी कधी पडणार?"

तर त्या साली लोकसभेची निवडणूक लागली. त्या मतदारसंघात दोन तगडे उमेदवार — एकाची निशाणी छत्री, दुसऱ्याची कपबशी. अप्पा मनानं छत्रीचे. पण म्हणाले, "मी निःपक्षपाती माणूस आहे. मी शास्त्रशुद्ध अंदाज काढणार." आणि गिरणीत ठेवले दोन रिकामे डबे. एकावर खडूनं छत्री काढली, एकावर कपबशी. दळणाला येईल त्यानं आपल्या धान्यातली चिमूट आपल्या मनातल्या निशाणीच्या डब्यात टाकायची. काय डोकं आहे बघा!

आता पहिल्या दिवशी काय झालं? हौसाकाकूंनी चिमूट टाकली कपबशीत. अप्पांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. म्हणाले, "काकू, गिरणीचा पट्टा सरकतोय. उद्या या." मागून आला शिवराम पैलवान. त्यानं टाकली छत्रीत. "वा! आण तुझं दळण, आधी घेतो." पट्टा लगेच जागेवर! मंडळी, अप्पांच्या मनात पाप नव्हतं बरं का. आपण असं करतोय, हे त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं. तीच तर गंमत आहे. पण गावाला कळायला किती वेळ लागतो? दुपारपर्यंत पाणवठ्यावर बातमी — दळण लवकर पाहिजे, तर दाणे छत्रीत टाका.

झालं! दुसऱ्या दिवसापासून हौसाकाकूसुद्धा छत्रीत! छत्रीचा डबा शिगोशीग. कपबशीच्या डब्यात अडीच दाणे, तेही उंदरानं नेले. अप्पांची बायको सगुणाबाई, तीसुद्धा रोज सकाळी नेमानं छत्रीतच चिमूट टाकायची. अप्पांना भरून यायचं. म्हणायचे, "घरसुद्धा माझ्या बाजूनं आहे."

आणि मग ती चूक झाली. शनिवारची आरती, मारुतीच्या देवळात सगळं गाव. अप्पांनी देवाच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "आपल्या गावात शंभरातली नव्वद मतं छत्रीला. माझा अंदाज चुकला, तर वर्षभर तोंडातून शब्द काढणार नाही."

अहो, काय पणाला लावलं बघा! जमीन लावली असती, मिशी लावली असती, तर कोणी डोळा वर केला नसता. अप्पांनी तोंड लावलं पणाला! म्हाताऱ्यांनी मारुतीला मनोमन हात जोडले. कशासाठी, ते मी सांगत नाही.

मतमोजणीचा दिवस उजाडला. दुपारी मोजणीच्या ठिकाणाहून फोन आला — कासारखेडात शंभरातली बारा मतं छत्रीला, बाकी सगळी कपबशीला. अप्पांच्या हातातली चाळणी खाली पडली. शंभरात बारा! आणि त्यातही एक मत त्यांचं स्वतःचं! ते वळले सगुणाबाईंकडं, तोंड उघडलं... आणि सगुणाबाईंनी नुसतं देवळाकडं बोट दाखवलं.

तोंड मिटलं.

"अहो, असं बघू नका," त्या म्हणाल्या. "मी कपबशीला दिलं. दाणे छत्रीत टाकत होते, कारण स्वयंपाक मला वेळेत करायचा असतो. तुम्हाला खरं सांगून पीठ कुणाला मिळालंय?"

मंडळी, हे ऐकायचं आणि वर उत्तर द्यायचं नाही! काय अवस्था झाली असेल!

मग गावानं छळलं हो त्यांना. लेकाचे मुद्दाम येऊन चुकीचं बोलायचे. शिवराम पैलवान ऐटीत सांगायचा, "दिल्ली केरळच्या खाली आहे." अप्पा खांब आवळून धरायचे. तेवढ्यात हिवाळा सरला आणि अमेरिकेतली ती पक्षातली निवडणूक सुरू झाली. हौसाकाकू गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "अमेरिकेत या खेपेला पंतप्रधान कोण होणार कोण जाणे." अहो, तिथं पंतप्रधान नसतोच! अप्पांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी! पण नेम मोडला नाही. देवाच्या पायाला हात लावला होता ना!

आता गंमत ऐका. बोलणं थांबलं, की माणसाचे कान मोकळे होतात. एक दिवस अप्पांना गिरणीतून खरखर ऐकू आली. किती दिवसांची होती देव जाणे. दगड घासून गुळगुळीत झाले होते, त्यांना टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं ठोकून, धार द्यायला हवी होती. मग बाया आपसांत बोलताना ऐकू आल्या — "पीठ जाडंभरडं पडतं, भाकरी थापताना फाटते गं." "म्हणून तर अर्धं गाव शेजारच्या वाडीत दळायला जातं." दोन वर्षं जात होतं! अप्पांना वाटायचं, गर्दी मावत नाही म्हणून जातात! फार वाईट वाटलं त्यांना. अंदाज चुकला तेव्हा वाटलं नव्हतं इतकं. त्या दिवशी जेवले नाहीत. सकाळी गिरणी बंद ठेवली, दगड उतरवले आणि दिवसभर बसून टाकी लावली. अंधार पडल्यावर सगुणाबाईंनी शेजारी बसून दिवा धरला.

वर्ष पुरं झालं. नेम सुटायच्या सकाळी गिरणीपुढं जत्रा! वर्षभराचं तुंबलेलं बाहेर पडणार, म्हणून पैलवानानं सतरंजीच आणली. देशाबद्दल बोलणार का अमेरिकेबद्दल, यावर वाद. अप्पा आले. पट्टा चढवला. घसा खाकरला. पहिल्या नंबरला हौसाकाकू. अप्पांनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं —

"काकू, पीठ बारीक हवं का जाड?"

बस! एवढंच. काकू गडबडल्या. वीस वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. सवयीनं त्यांनी चिमूट काढून छत्रीचा डबा शोधला. डबा कुठं होता? सगुणाबाईंनी त्यात तुळस लावली होती.

हसताय? हसा. पण सासूबाई, तुम्ही सुनेला विचारता, "माझं बोलणं लागत नाही ना तुला?" — तेव्हा दळण कुणाच्या हातात असतं? साहेब, तुम्ही कचेरीत शिपायाला विचारता, "मी कडक आहे का रे?" तो काय सांगेल? छत्री! घरोघर तोच डबा ठेवलाय, मायबाप. आधी हातातलं दळण देऊन टाका आणि मग विचारा.

आता मीही विचारतो, आजचं कीर्तन कसं झालं? ... छान? सगळ्यांनाच छान वाटलं? अरे वा!

थांबा, थांबा. प्रसादाची परात माझ्याच पुढ्यात आहे की! ही घ्या, आधी मागं पाठवा. सगळ्यांना शिरा मिळू दे. तोंड गोड झालं, की मग खरं काय ते सांगा. मी इथंच बसलोय, गप्प.