दोन मिनिटं थांबा

...पण चालल्यानं जे दुखतं त्याला चालणंच औषध, हे कसं काय हो? धुळ्याच्या डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला, "असंच असतं!" हे उत्तर झालं का?

तुम्हाला सांगतो, माझा मोठा भाऊ उखर्डू, भडगावात केळीचे घड वाहायचा. अठ्ठ्याऐंशी साली दोनशे पावलं चालला की उभा राहायचा, "थांब रे वना, पोटरी मोकळी व्हऊ दे." दोन मिनिटांत दुखणं गायब! लोक म्हणायचे, आळशी! मला आला राग, बसवला त्याला सायकलच्या कॅरियरवर... शेतात सायकल, बाजारात सायकल, न्हाव्याकडे सायकल! तो ओरडायचा, "माले चालू दे, मी काय गहूनं पोतं शे का?" मी ऐकतो कुठला? दोन वर्षं पाऊल टाकू दिलं नाही!

मग पाय थंडगार पडला म्हणून धुळ्याला नेला. डॉक्टर वाकला, सरळ पायाला हात! भाऊ टुणकन मागे, "साहेब, नका, पाप लागेल!" डॉक्टर म्हणाला, "नाडी बघतोय!" पायाला नाडी?... म्हणाला, "पाटात गाळ साचला की शेवटच्या केळीला पाणी पोचतं का? तुमच्या रक्ताच्या नळ्या तशाच झाल्यात. बिडी बंद. रोज चाला, दुखलं की थांबा, परत चाला." मग माझ्याकडे बघून, "ह्यांना सायकलवर कोण बसवतं?"... मी आपला खिडकीतून बाहेर बघत राहिलो!

बिडी सुटली, वहिनीनं देव्हाऱ्यात पेढा ठेवला. आणि आम्ही चाललो! आधी पिठाच्या गिरणीपर्यंत, मग थेट गिरणा नदीच्या पुलापर्यंत. "थांब रे वना, पोटरी मोकळी व्हऊ दे." थांबला की गप्पा... लहानपणी मला खांद्यावर घेऊन नदीत कसा उतरला, मी त्याच्या डोक्यावर कसा मुतलो, बठ्ठं, सगळं सगळं, त्याच दोन मिनिटांत ऐकलं. पाय सुधारला हो! पण तीस वर्षांच्या बिड्यांनी छातीच्या नळ्याही धरल्या होत्या. पोळ्याच्या सकाळी छातीत कळ आली, दवाखान्याच्या दारातच जीव गेला... उद्या महिना होईल.

वाटेत विसाव्याला तिरडी टेकवली. लगेच गावातले वडीलधारे सुकदेवआबा, "उचला रे, ऊन चढतंय." बाकी तिघांनी हात घातला, मी जागचा हललो नाही. आबा खेकसले, "काय रे, थकला का?"

म्हटलं, "मी नाही."

दोन मिनिटं सगळं गाव उन्हात थांबवलं, आणि मग उचलला.