अण्णांची बोट आणि मी बदललेला सेन्सर

तुम्ही हसणार हे धरूनच सांगते, कारण वेडेपणा शंभर टक्के माझाच होता.

पानशेतला आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, छोटी मोटरबोट आहे. तिच्या इंजिनाचा थ्रॉटल सेन्सर बिघडला. वेग वाढवला की इंजिन नुसतं आचके द्यायचं. नवऱ्यानं जाहीर केलं, "रविवारपर्यंत नीट झाली नाही तर बोट विकून टाकायची." अण्णा ताटावरून अर्धवट जेवून उठले. मग मला राहवेना. म्हटलं, "थांबा, सेन्सर मी बदलते!"

बुधवार पेठेतून नवा सेन्सर आणला. इंजिन वारज्याला घरी आणलंच होतं. पार्किंगमध्ये बसकण मारून, मोबाईलवर व्हिडिओ बघत जुना काढला. तो फेकवेना, म्हणून पेट्रोलनं पुसून अगदी लख्ख केला. मग एक इंजिनात बसवला आणि दुसरा डबीत घालून पर्समध्ये टाकला.

रविवारी अण्णांना घेऊन ऐटीत बोटीत बसले. पाण्याच्या मधोमध गेल्यावर वेग वाढवला, तर परत तेच आचके! मला रडूच फुटलं.

"अण्णा, नवा सेन्सरही खराबच निघाला हो. आता बोट जाणार."

"रडतेस काय? जुना कुठाय? तोच लावून बघू."

मी पर्समधली डबी दिली. अण्णांनी चष्मा लावला, सेन्सर उलटसुलट करून बघितला, त्यावरचा दुकानाचा गॅरंटीचा स्टिकर वाचला.

"मंजिरी, बोट कुठं जात नाही. नवा सेन्सर उत्तम आहे."

"कशावरून?"

"अजून कुणी वापरलेलाच नाहीये."