मांडा उलटायची वेळ

धुळ्याच्या दवाखान्यात समुपदेशक बाईंच्या दारापाशी नूतन बसली होती. 'दार तरी बरोबर आहे ना? वेंधळी मेली,' असं ती स्वतःलाच म्हणत होती. शेजारी मंजुळाबाई आणि त्यांची धाकटी जाऊ बोलत होत्या.

"बाई म्हणल्या, मनातला आवाज 'बावळट' म्हणाला, की नुसतं ऐकायचं अन् सोडून द्यायचं."

"मग द्या ना सोडून, अक्का."

"आवाज आपल्या सासूबाईंचा आहे."

"त्यांना जाऊन सहा वर्षं झाली!"

"तरी मी खापरावर मांडा टाकला की ओरडतात, 'बावळट, जळाला बघ!' तेव्हाच मी उलटते."

"अन् नाही ऐकलं तर?"

"परवा सोडून पाहिलं. बठ्ठे मांडे जळाले, एकही वाचला नाही."

"मग आता?"

"तेच विचारायला आले. शिव्या सोडायच्या अन् सासूबाई ठेवायच्या, असं जमतं का?"